घाम फुटला का?

नोकरीत असताना एक प्रश्न माझ्या तोंडात पानाच्या विड्यासारखा कायम असायचा. कुठल्याही घरात शिरले आणि तापलेलं पोर दिसलं, की आधी त्याच्या कपाळावर हात ठेवायचा आणि मग आईला विचारायचं, "घाम फुटला का?" ती "हाव" म्हणाली की माझी काळजी मिटली, ताप उतरणीला लागला. "नाही" म्हणाली, की गोळीचा चुरा, मीठ-साखरेचं पाणी आणि शेवटचा हुकूम: "गोधडी घाल आणि फुटू दे घाम."

हा हुकूम मला कोणी शिकवला नव्हता. माझ्या आईने मला गोधड्यांखाली उकडलं होतं, तिच्या आईने तिला. पुढे प्रशिक्षणात काय सांगितलं ते सांगितलं, पण गोधडी काही माझ्या डोक्यातून गेली नाही.

मी आरोग्य सेविका होते. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, ही डॉक्टर नव्हे. पण डॉक्टर येईपर्यंत गावाची डॉक्टर हीच. मेहकर आणि लोणारच्या मधल्या एका गावात दोन खोल्यांचं उपकेंद्र होतं, तिथे माझी बरीच वर्षं गेली. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथले अर्धे लोक विचारतील, माझं नाव काऊन नाही टाकलं; आणि उरलेले विचारतील, काऊन टाकलं. बाळांना लस, गरोदर बायांची तपासणी, विहिरीत औषध टाकणं, बाळंतपण आणि रिकामा वेळ मिळाला तर नवरा-बायकोची भांडणं, असं सगळं त्या दोन खोल्यांत चालायचं.

गिऱ्हाईकंही एकेक. एक म्हातारबा गोळी बघितली की हिरमुसायचे. सुई टोचली नाही तर आपल्याला फसवलं असं त्यांना वाटे. एक सून सासूला बीपी मोजायला आणायची आणि तिच्या पाठीमागे उभी राहून मला खुणा करायची: जास्त सांगा, जास्त सांगा. म्हणजे म्हातारी लोणचं सोडेल.

आणि या सगळ्यांवर राज्य करणारी मी. कडक कांजीची साडी, छातीला उलटं लावलेलं घड्याळ, हातात काळी छत्री. मी गल्लीत शिरले की गाव शिस्तीत येतं असा माझा समज होता. खरं म्हणजे मी शिरले की बाया पोरं लपवायच्या, कारण माझ्या डब्यात सुया असत. नात मला म्हणते, "आजी, तू तेव्हा किती खडूस दिसतेस फोटोत!" खडूस नव्हे गं बाई, कांजी जास्त झालेली.

तर त्या गावात अय्यूबभाई टेलर होते. रस्त्यावर दुकान, मागे घर. घरात त्यांची आई, जिला सगळं गाव दादी म्हणायचं, बायको नजमा आणि दीड वर्षाचा रेहान. हा रेहान माझी डोकेदुखी होता. हिवाळ्यात टुणटुणीत. होळी झाली की त्याला ताप. सकाळी नाही, दुपारी चढायचा. रक्त तपासलं, लघवी तपासली, मेहकरला दोन डॉक्टरांनी पाहिलं, काही सापडेना. गोळीने उतरायचा नाही. मी जाई, कपाळावर हात ठेवी. चटका बसायचा.

"घाम फुटला का?"

"नाही," नजमा म्हणायची.

"तुझं लक्ष नसेल."

"लक्ष हाय, शिस्टर. नाही फुटत."

"गोधडी घाल. फुटेल."

नजमा मान हलवायची आणि गोधडी घालायची. मी समाधानाने छत्री उघडून निघायचे.

नजमा फार बोलायची नाही. पण तिच्या डोळ्यांत एक भीती असायची, नुसत्या तापाला शोभत नाही इतकी मोठी. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "माह्या लहान्या भावाले असाच ताप येत होता. उन्हाळ्यातच गेला थो." मी तिला धीर दिला, म्हणजे तसं मला वाटलं. म्हटलं, त्या काळी औषधं कुठे होती, आता मी आहे ना. काय तो डौल!

एप्रिलमधल्या एका दुपारी अय्यूबभाई पळतच उपकेंद्रात आले. पोर फणफणलं होतं, डोळे वर करत होतं. मी त्यांच्या मागे धावले. घरी पोचेपर्यंत माझी कांजी उतरली होती, पाठ भिजली होती, नाकावरून धारा लागल्या होत्या. नजमा रेहानला घेऊन माठाच्या तिवईखाली, ओल्या फरशीवर बसली होती. तिथेच का, तर म्हणे तो रांगत रांगत रोज तिथेच जाऊन निजतो. दादी पंख्याने वारा घालत होती. माझ्याकडे पाहून ती भीतीतही हसली.

"पाह्य वं नजमा, शिस्टरले घामाचा कसा पूर आला! आन् आपला फरिश्ता पाह्य, कोरडा ठणठणीत. जन्मला तवापासून याच्या कपड्याले घामाचा वास नाही. जन्नतचं लेकरू हाय म्हनते मी."

मला आधी राग आला. मी तुमच्या पोरासाठी धावत येते आणि तुम्ही माझा पूर काढता? पदराने तोंड पुसलं, आणि पुसता पुसता हात थांबला. दुपारचा एक. पत्र्याचं घर. मी भिजलेली, दादीचं कपाळ ओलं, अय्यूबभाईंचा सदरा पाठीला चिकटलेला. आणि ते तापलेलं पोर तव्यासारखं कोरडं. काखेत बोट घातलं, मानेच्या वळीत घातलं, तळपाय पाहिले. एक थेंब नाही.

"जन्मला तेव्हापासून?" मी विचारलं.

"कवाच नाही," दादी अभिमानाने म्हणाली.

मी माठ उचलला आणि पोराच्या अंगावर ओतला. दादी किंचाळली. रेहानने श्वास आत ओढला, मला अशी एक सणसणीत किंकाळी ऐकवली की शेजारची कोंबडी उडाली, आणि थोड्या वेळाने चक्क हसायला लागला. ताप कुठल्याही गोळीने उतरला नव्हता, तो एका माठाने उतरला.

हे काय आहे ते मला माहीत नव्हतं, हे सांगायला आता लाज वाटत नाही. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावरच्या डॉक्टरसाहेबांनी त्याचे विरळ केस पाहिले, हिरड्यांत नुसते दोन टोकदार दात आलेले पाहिले, आणि म्हणाले, औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात न्या. तेव्हा आम्ही सगळे औरंगाबादच म्हणायचो.

एप्रिलमध्ये एसटीने न्यायचं म्हणजे पोराला भट्टीतून न्यायचं. अय्यूबभाई, नजमा, मी, ओले टॉवेल आणि पाण्याचा कॅन, असे निघालो. सिंदखेडराजाच्या पुढे टॉवेल वाळायला लागले. नजमाने खिडकी उघडी ठेवली होती, ओल्या टॉवेलला वारा लागावा म्हणून. मागच्या सीटवरचे एक जाडजूड गृहस्थ ओरडले, "ओ बाई, खिडकी लावा! झळा मारून राह्यल्या."

मी उठून उभी राहिले आणि भाषण ठोकलं. या बाळाला घाम येत नाही, त्याच्या अंगावर पाणी राहिलं पाहिजे, तुम्ही घामाने भिजताय याबद्दल देवाचे आभार माना. सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. मग ते गृहस्थ उठले, आपली बाटली उघडली, अर्धी रेहानच्या टॉवेलवर ओतली आणि उरलेली हिसक्यासरशी माझ्या डोक्यावर गेली. "चुकून सांडली," म्हणाले. आजही मला ते पटलेलं नाही.

पण मग मागून बाटल्या यायला लागल्या. कोणी उपरणं भिजवून दिलं, कोणा बाईने कलिंगडाची फोड पोराच्या हातात दिली. जालन्याच्या अलीकडे ड्रायव्हरने एका हॉटेलपाशी गाडी उभी केली आणि म्हणाला, "जा, पोराले नळाखाली धरून आना. थांबतो मी." कंडक्टर नुसतं घड्याळ बघत राहिला. त्या बसमधल्या कोणाचंही नाव मला माहीत नाही. आभार मानायचे तर कोणाचे?

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने फोटो काढले, रक्त घेतलं, पुढे आणखी खेपा झाल्या, आणि शेवटी आजाराचं नाव सांगितलं. नाव एवढं लांब, की अय्यूबभाईंनी विचारलं, "मॅडम, हे एकट्या माह्याच पोराले झालं का सगळं?"

ती हसली. मग तिने समजावून सांगितलं. आपल्या कातडीत घाम तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, त्या याला जवळजवळ नाहीत. म्हणून अंगातली उष्णता बाहेर जायला वाट नाही. केस विरळ राहतील, दात थोडेच येतील आणि सुळ्यांसारखे येतील. फार थोड्या मुलांना होतो हा आजार. मुळातून बरं करणारं औषध नाही. "पण बुद्धीला काही नाही, आयुष्यालाही नाही," ती म्हणाली. "लहानपणीचे उन्हाळे सांभाळा. बाहेरून ओला ठेवा. बाकी तो तुमच्याआमच्यासारखाच." आणि सहज विचारलं, "तापात पांघरूण वगैरे घालत नव्हता ना?"

मी छताच्या पंख्याकडे बघायला लागले. फार सुंदर पंखा होता.

"नाही," नजमा म्हणाली. "शिस्टर सांगत होत्या गोधडी घाल. म्या घालत होती. त्याइची छत्री मशिदीच्या वळणावरून गेली की काढून टाकत होती, आन् लेकराले मोरीत बसवत होती."

डॉक्टरीण माझ्याकडे पाहून ओठ दाबून हसली. आणि मी? आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझा हुकूम मोडला म्हणून मला हात जोडावेसे वाटले. माझी पाठ वळायची वाट बघणारी ती अबोल पोरगी नसती, तर माझ्या शिस्तीने काय केलं असतं? त्यानंतर मी बायांना नुसतं सांगायचं सोडून आधी विचारायला लागले, तुला काय वाटतं? बऱ्याचदा त्यांना बरोबर वाटत असायचं.

अय्यूबभाई रेहानला ओला करायला नळावर गेले, तेव्हा डॉक्टरणीने नजमाला विचारलं, माहेरी कोणाला असं होतं का? हा आजार बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे जातो; आईला स्वतःला फारसा त्रास होत नाही.

नजमा उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेले. व्हरांड्यात उभी राहून ती मोबाइलवर आपल्या आईशी बोलत होती. ज्या बाईने मुलगा गमावला आणि वर, लेकरू सांभाळता आलं नाही म्हणून, सगळ्या घराची बोलणी खाल्ली, त्या बाईशी.

"अम्मी, गुड्डू का मालूम हुआ. किसी का कसूर नै था, अम्मी. तेरा तो बिल्कुलच नै था."

 पलीकडे कोणीतरी मोठ्याने रडायला लागलं, ते मला फोनपासून लांब उभी असूनही ऐकू आलं.

परतीच्या बसमध्ये नजमाने माझा हात घट्ट धरला. "शिस्टर, घरी सांगू नका, आईकडून येते म्हनून. माह्या अम्मीचं काय झालं, पाह्यलं म्या. रेहानच्या अब्बाले मी सांगीन. पन दादीले नको."

मी म्हटलं, काळजी करू नको, मी खोटं फार छान बोलते. आणि रस्ताभर एक सुरेख खोटं रचलं. हवेतून येतो, कोणालाही होतो, असं काहीतरी.

दादी दारातच बसली होती. आधी मी सोप्यातलं सोपं सांगितलं. "दादी, तुमच्या घरी माठ आहे. माठ बाहेरून पाझरतो, म्हणून आतलं पाणी गार राहतं. आपली शरीरं तशी माठासारखी. रेहान म्हणजे स्टीलचा हंडा. पाझरतच नाही. त्याला बाहेरून ओलं फडकं गुंडाळायला लागतं."

"म्हंजे फरिश्ता नाही, इस्टील हाय म्हना की!" दादी म्हणाली. "आन् हे कुठून आलं?"

मी माझं खोटं बोलायला तोंड उघडलं.

"राहू द्या शिस्टर," दादी म्हणाली. "नजमाकडून आलं ना? लग्नाआंधी पाहाले गेली तवाच म्या हिचे दात मोजले होते. दोन कमी हायेत. उन्हात काम करते तर अर्ध्या पाठीले घाम येते, अर्धी कोरडी. मले समजत नाही काय?"

नजमा पांढरी पडली. अय्यूबभाई काहीतरी बोलणार होते.

"चूप बस बे," दादीने त्यांना गप्प केलं. "माह्याकडून याले शुगर येईन. तुह्याकडून हे वाकडं नाक आलंच हाय. आईकडून हे आलं. घरात सगळेच देतेत काही ना काही, हिनंच काऊन नाही द्यावं?" मग सुनेकडे वळून म्हणाली, "आता उभी काऊन राह्यली? लेकराले भिजव. सुकून राह्यला थो."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतका छान समुपदेशनाचा कार्यक्रम मी पाहिला नाही. आणि तो एका अंगठेबहाद्दर बाईने सुपारी कातरत केला.

मग सुरू झाले उन्हाळे. अय्यूबभाईंनी टॉवेलच्या कापडाच्या दुहेरी बंड्या शिवल्या, पाणी धरून ठेवणाऱ्या. पण पाणी आणायचं कुठून? आमच्याकडे एप्रिलनंतर टँकर. हंडाभर पाण्यासाठी बाया झिंज्या ओढतात, तिथे एका पोरावर दिवसभर पाणी ओतायचं? टँकरपाशी कुजबुज सुरू झालीच. "प्यायले नाही, आन् याइचं पोर न्हाते." अय्यूबभाई दुकान बंद करून चिखलदऱ्याकडे कुठेतरी मजुरीला जायचं म्हणायला लागले, तिथे हवा गार म्हणून. चालता धंदा मोडायचा, म्हातारीला मागे ठेवायचं, अनोळखी गावी जायचं. पोर शाळेच्या वयाला आलं होतं. मी गावाला समजवायला आणखी एक भाषण तयार केलं. बसमधलं गाजलं होतं ना!

भाषणाची वेळ आली नाही. टँकरच्या रांगेत शेजारची शकुंतला म्हणाली, "मी रोज भांडी धुतल्यालं पाणी कढीपत्त्याले टाकते. पोराले कढीपत्त्याच्या आळ्यात उभं करून चांगलं पाणी टाकीन. तेच पाणी वाहून झाडाले जाईन. वाया काय गेलं?"

एवढंच. पण त्या वाक्यावर गाव चाललं. रेहान शाळेत जाताना पहिला थांबा शकुंतलेचा कढीपत्ता, पुढे पाटलीणबाईंची तुळस, मग गुलाबभाईंचं लिंबाचं झाड. प्रत्येक ठिकाणी तो आळ्यात जाऊन डोळे मिटून उभा राही, "टाका!" म्हणे, आणि डोक्यावरून एक गडवा पाणी येई. शाळेत गुरुजी आधी कुरकुरले, वह्या भिजतील म्हणून. मग त्यांनी त्याला माठाजवळची जागा दिली आणि सगळ्यांना पाणी द्यायचं काम दिलं. वह्या कपाटात राहिल्या. त्या रस्त्यावरची झाडं भर मे महिन्यात हिरवी असायची. शकुंतला अजून सांगते, "आमचा कढीपत्ता रेहानच्या आंघोळीवर वाढला." चिखलदऱ्याचं नाव मग त्या घरात निघालं नाही.

दातांची एक वेगळीच गंमत. त्याला छोटी कवळी बसवून आणली. त्याच सुमारास दादीनेही कवळी केली. रात्री दोन वाट्या शेजारी शेजारी, एक मोठी, एक लहान. जेवताना दोघं समोरासमोर बसून चावायची शर्यत लावायची. दादी हरली की म्हणायची, "याचे दात नवे हायेत." रेहान म्हणायचा, "तुहेबी नवेच हायेत, दादी. तोंड जुनं हाय."

एकदा, सहा-सात वर्षांचा असेल, तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि माझ्या कपाळावरचा थेंब खाली येताना टक लावून बघत राहिला. नाकापर्यंत आला, मग टपकला. "मस्त दिसते," म्हणाला. त्याला लोकांचा घाम बघायचा छंदच होता. कोणाला आधी कुठे फुटतो, कोण पुसतो, कोण तसाच राहू देतो, सगळं त्याला ठाऊक. मीही त्याला शिकवून ठेवलं होतं: डोकं गरगरलं, पाय जड झाले, बोलणं फिरायला लागलं, की थांबायचं नाही, पाणी. आणि ज्याला घाम येतो त्याचा उन्हात घाम थांबला, की समजायचं गडबड आहे. हे शेवटचं त्याच्या काही कामाचं नव्हतं. पण शिकवायला लागले की मी थांबत नसे.

मी निवृत्त झाले, चिखलीला मुलाकडे राहायला आले. रेहान आता कॉलेजात आहे. उंच झाला, बापाचं वाकडं नाक, डोक्यावर टोपी, अंगात ओली बंडी, हातात पाणी फवारायची बाटली. मागच्या वर्षी त्याच गावात पाटलांच्या नातीचं लग्न होतं, एप्रिलमध्ये. मुहूर्त बाराचा. आमच्याकडे बाराचा मुहूर्त म्हणजे नवरदेवाकडचे लोक नाचून थकतील तेव्हा, अडीचपर्यंत. मी सूनबाईचं न ऐकता पैठणी नेसले. जुन्या गावात जायचं, सगळ्यांनी पाहिलं पाहिजे ना!

मंडपात बसले. आधी घामाने निथळले. मग हळूहळू घाम कमी झाला. मला बरंच वाटलं, पैठणी वाचली. शेजारणीला म्हटलंही, "बघ, वय झालं की बाई कशी थंड होते." मग मी छत्री मागायला लागले. छत्री मांडीवरच होती.

"शिस्टर."

समोर रेहान उभा. माझ्या कपाळाकडे बघत होता, लहानपणी बघायचा तसा. पण मस्त दिसतंय असा चेहरा नव्हता.

"तुमचा घाम काऊन थांबला?"

"मी थंड झालेय," मी सांगितलं. "आणि माझी छत्री दे, मला लस टोचायला जायचं आहे."

पुढचं मला तुटक आठवतं. त्याने मला उचललं. नजमा धावत आली. पाण्याचं पिंप सरकल्याचा आवाज. आणि नजमाचं ओरडणं, "अरे, त्या केळीपाशी घे त्याइले, केळीपाशी!" मंडपाच्या दाराशी केळीचे खुंट रोवले होते. मला त्या केळीखाली बसवून माझ्या पैठणीवर पिंप रिकामं करण्यात आलं. वऱ्हाडी मंडळी नाचायची थांबली.

शुद्ध आली तेव्हा मी उपकेंद्रात, माझ्याच जुन्या खाटेवर, हाताला सलाईन. नवी सिस्टर, चुणचुणीत पोरगी, म्हणाली, वेळेवर आणलं. पंखा फिरत होता. पैठणीचा लाल रंग पदरावर पसरला होता. रेहान पायाशी स्टुलावर बसून माझ्या कपाळावर नजर रोखून होता. किती वेळ बसला होता कोण जाणे.

एकाएकी तो उठला, पुढे वाकला आणि बोटाने माझ्या भुवईच्या वर काहीतरी टिपलं. बोट उजेडात धरून पाहिलं.

"अम्मी!" तो दाराकडे तोंड करून ओरडला. "फुटला! शिस्टरले घाम फुटला!"

नजमा आत आली. तिच्यामागे शकुंतला, पाटलीणबाई, अर्धं लग्न. सगळ्यांनी माझा तो एक थेंब पाहून घेतला. इतका कौतुकाचा घाम माझ्या अंगाला कधी आला नव्हता. मला भीती वाटली की आता मी रडणार, म्हणून मी म्हटलं, "पैठणीची वाट लावली रे माझ्या."

रेहानने आईकडे पाहिलं. नजमाने पदराआड तोंड दाबलं.

"गोधडी आनू काय, शिस्टर?" तो म्हणाला.

"आण बे," मी म्हटलं. "तू वळणावरून गेलास की काढून टाकते."